जिना आणि पायरी : हे शब्द आले कुठून?

वाड्यातली

आमचा नारायण पेठेतला वाडा पुढच्या महिन्यात उतरवायला घेणार आहेत. गेले दोन रविवार सामान हलवणं चालू आहे. परवा सुतार आला होता. जिन्याचं सागवान चांगलं आहे, ते आधी काढून घेऊ म्हणाला. तो वर चढायला लागला तशी आई खालून म्हणाली, "जपून हो, जिन्याची तिसरी पायरी हलते."

माझी लेक अकरा वर्षांची, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिनं लगेच विचारलं, "आजी, जिना म्हणजेच पायऱ्या ना? मग जिन्याची पायरी म्हणजे काय?"

आई म्हणाली, "पायऱ्या दारात असतात, जिना घरात असतो. जिन्याला पायऱ्या असतात, पण दारातल्या पायऱ्यांना कुणी जिना म्हणत नाही."

मी हे दोन्ही शब्द आयुष्यभर वापरले, पण असा फरक कधी बोलून दाखवला नव्हता. त्या रात्री बसून शोधलं. जिना फारसी ज़ीना वरून आलेला. पायरी आपली, पाय या शब्दातून निघालेली, आणि पाय संस्कृत पाद वरून प्राकृतमार्गे आलेला. म्हणजे एकाच वाड्यात दारातल्या दगडाला घरचा शब्द आणि माजघराशेजारच्या जिन्याला बाहेरून आलेला शब्द. मला तर वाटायचं, घराच्या आतल्या वस्तूंना जुने शब्द असतील आणि बाहेरच्यांना नवे. इथे उलट झालंय. का?

आमच्या जिन्याचं वर्णन करून ठेवते, कारण महिन्याभराने तो नसेल. दोन जाड भिंतींच्या मध्ये बसवलेला, एकूण तेरा पायऱ्या. पहिल्या दोन काळ्या दगडाच्या, पुढच्या अकरा सागवानी. रुंदी एवढीच की मोठी परात आडवी धरून नेता येत नाही, उभी धरावी लागते. कठडा नाही. वरच्या तुळईला बांधलेला काथ्याचा दोर मधोमध लोंबतो, तो धरून चढायचं. दोराचा हाताला येणारा हातभर भाग काळा आणि इतका गुळगुळीत झालाय की काथ्या वाटत नाही. वर लाकडी झडप. रात्री आजोबा झडप पाडायचे, तो आवाज म्हणजे निजायची वेळ. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. डाव्या बाजूला जास्त, कारण उजव्या हातात दोर असला की पाय डावीकडे पडतो.

तुमच्याकडे काय म्हणतात? आणि या शब्दांबद्दल कुणाला जास्त माहिती असेल तर कृपया लिहा. लेकीला नीट उत्तर द्यायचंय.

शब्दवेडा

ताई, तुमच्या आईंनी जो फरक सांगितला तो अगदी नेमका आहे. पायरी म्हणजे एक पाय ठेवायची एक जागा. जिना म्हणजे खालून वर नेणारी सबंध रचना. म्हणूनच 'जिन्याच्या पायऱ्या' हे बरोबर आणि 'पायऱ्यांचा जिना' हेही बरोबर, पण दारापुढच्या तीन दगडांना जिना म्हणता येत नाही, कारण ते वरच्या मजल्यावर नेत नाहीत.

उच्चाराची एक गंमत सांगतो. मराठीत ज दोन आहेत. जोर, जमीन, बाजार, जखम यांतला दंत्य, आणि जिल्हा, जिम्मा, जीन यांतला तालव्य. हे सगळे शब्द फारसीतून आले आणि फारसीत या सगळ्यांमध्ये एकच ध्वनी आहे, ज़. मराठीत आल्यावर मात्र त्यांची विभागणी झाली. अ, आ, ओ यांच्या आधी ज़ आपल्या दंत्य ज मध्ये सहज बसला, कारण तो ध्वनी आपल्याकडे होताच. इ-ईच्या आधी मराठी जीभ दंत्य ज करत नाही, म्हणून ज़ीनाचा जिना झाला, तालव्य. उर्दू बोलणारा माणूस आजही ज़ीना म्हणेल. आपण जिना म्हणतो तो चुकीचा उच्चार नाही. आपल्या भाषेच्या नियमाने बदललेला आहे. ज्या शब्दाला भाषेने आपला नियम लावला तो शब्द आपला झाला असं मी मानतो.

सिव्हिलवाला

तुमची तिसरी पायरी का हलते ते सांगू शकतो. पहिल्या दोन दगडी, म्हणजे तिसरी ही पहिली लाकडी. दगड हलत नाही, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. दोन्हींचा सांधा तिथेच येतो, सगळा त्रास त्या सांध्यात साठतो. शिवाय पहिल्या दोन पायऱ्या दगडी ठेवण्यामागे कारण होतं. जमिनीची ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये. जुन्या माणसांनी विचार करून केलेली गोष्ट आहे ती.

एक विनंती. काढण्याआधी पायरीची उंची आणि पाय ठेवायची रुंदी मोजून ठेवा. आज राहत्या घराच्या जिन्याला राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर लागते. आम्ही साधा हिशेब करतो : उंचीची दुप्पट अधिक रुंदी, हे साधारण 600 च्या आसपास यायला हवं. माणसाच्या चालीवरून आलेला आकडा आहे तो. वाड्यातले जिने यात बसत नाहीत, खूप खडे असतात. म्हणून तर दोर लागतो.

साइटवर मात्र हल्ली जिना हा शब्द कमी ऐकू येतो. सेंटरिंगची माणसं बहुतेक हिंदी बोलणारी, ती 'सीढ़ी' म्हणतात. ते ऐकून आमचे मराठी मुकादमही 'शिडीचा स्लॅब' म्हणायला लागलेत. मला ते खटकतं, पण का खटकतं ते नीट सांगता येत नव्हतं.

शब्दवेडा

@सिव्हिलवाला, खटकतं कारण हिंदीत सीढ़ी या एका शब्दात दोन्ही येतात, भिंतीला टेकवायची ती आणि बांधलेली तीही. मराठीने हे दोन वेगळे ठेवले. शिडी उचलून नेता येते, जिना जागचा हलत नाही. 'शिडीचा स्लॅब' म्हटलं की मराठी कानाला शिडीवर स्लॅब घातल्यासारखं वाटतं. आपल्याकडे असलेला फरक आपणच पुसायचा याचं मला वाईट वाटतं.

गोमंतकी

मी मूळची फोंड्याची, लग्नानंतर पुण्यात. आमच्याकडे कोंकणीत पायरीला सोपण म्हणतात. संस्कृत सोपान जसाच्या तसा बोलीत राहिलाय. मराठीत सोपान हा शब्द पुस्तकात आणि नावात उरला, आमच्याकडे तो रोज पायाखाली येतो. सासूबाईंना मी सुरुवातीला "सोपणार बसतां" म्हटलं की त्यांना काही कळायचं नाही.

आणि दादर. कोकणात आणि गुजरातीतही दादर म्हणजे जिना. मुंबईच्या दादरचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. पुण्यात मी हा शब्द कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

पायरी आंब्याचा मात्र या पायरीशी संबंध नाही बरं का. तो गोव्यातला पेरेस. अफोन्सोचा हापूस झाला तसंच पोर्तुगीज नाव मराठी तोंडात बदललं.

सोलापूरची

आमच्या घरी अर्धं कानडी, अर्धं मराठी. पायरीला आजी मेट्टिलु म्हणायची. वाड्यातली ताई, तुमचा जिना जिथे पोचतो त्या माडीचं काय? कानडीत वरच्या मजल्याला महडी, माडी म्हणतातच. म्हणजे दारात पायरी प्राकृतातली, मधला जिना फारसी आणि वर माडी कानडी. तुमच्या लेकीला हे सांगा, तिला आवडेल.

वाड्यातली

सांगितलं! तिनं वहीत वाड्याचं चित्र काढून प्रत्येक भागापुढे भाषा लिहिली. मग तिचा प्रश्न : मजला कुठला?

शब्दवेडा

मजला अरबी. मंज़िल वरून. मंज़िल म्हणजे उतरायची जागा, मुक्काम. प्रवासात एका दिवसात गाठायचा टप्पा तो मजल, म्हणून आपण 'मजल दरमजल करीत' म्हणतो. इमारतीतला एकेक टप्पा तो मजला. एकच शब्द रस्त्यावर आडवा चालला आणि घरात उभा चढला. मला हा शब्द फार आवडतो.

तिच्या चित्रासाठी आणखी : दरवाजा, दिवाणखाना, पडदा, तक्तपोशी, तावदान हे फारसीकडून आलेले. उंबरा, ओसरी, पडवी, माजघर, न्हाणी, चूल, कोनाडा हे आपले. आता यादीकडे नीट बघा. जे साध्या शेतकऱ्याच्या घरातही होतं त्याला आपला शब्द आहे. जे सरदार-मुत्सद्द्यांच्या घरात पहिल्यांदा आलं त्याला दरबाराचा शब्द आहे. पुणे परगणा आधी निजामशाहीत, मग आदिलशाहीत. तिथल्या कारभाराची भाषा फारसी. मोठं घर बांधणारा माणूस त्याच दरबारात वावरणारा. साध्या घराला फार तर माळा असायचा, आणि माळ्यावर जायला शिडी पुरायची. बांधीव जिना हवा असं घर आलं तेव्हा त्याचं नावही बरोबर आलं. दारात चढायला दोन दगड मात्र सगळ्यांनाच लागत होते. तुमच्या मूळ प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर आहे.

परकर_पोलकं

छान धागा. आमच्याकडे जिन्याखालच्या जागेला 'जिन्याखाली' एवढंच नाव होतं, पण सगळं घर तिथे मावायचं. कोळशाचं पोतं, तुटका पाळणा, गणपतीचं मखर.

भटका_मावळा

ट्रेक करणाऱ्यांकडे यातले काही शब्द अजून जिवंत आहेत. निसण किंवा निसणी म्हणजे शिडी. संस्कृत निःश्रेणीवरून आलेला. शहरात कुणी म्हणत नाही, पण घाटवाटांमध्ये 'निसणीची वाट' म्हणजे जिथे शिडी लावल्याशिवाय किंवा खोबण्यांत पाय रोवल्याशिवाय पुढे जाता येत नाही ती वाट. गावातली माणसं नुसतं 'निसणीनं जा' म्हणतात. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटांपैकी एक शिडी घाट, दुसरी गणेश घाट. शिडी घाटात कातळाला लोखंडी शिड्या लावल्यात म्हणून ते नाव.

आणि घाट! हा शब्द तर विसरूच नका. नदीच्या काठी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट, जसा ओंकारेश्वरापाशी मुठेचा घाट. आणि डोंगरातून चढणारी वाट म्हणजेही घाट, जसा कात्रज, दिवे, वरंध. दोन्ही ठिकाणी माणूस टप्प्याटप्प्याने खाली-वर करतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. तो डोंगरातला घाटही आहे आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी चढायचाही. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, म्हणजे दोन हजार वर्षं लोक त्या पायऱ्यांवरून माल घेऊन चढतायत. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं तेव्हा पाय कुठे टाकायचा ते डोळ्यांनी कळत नाही, तळव्याने चाचपून कळतं. दगडाच्या मधोमध एक खोलगा असतो, तिथे पाय टाकायचा. वाड्यातली ताईंनी जिन्याच्या पायऱ्यांबद्दल लिहिलंय तसाच.

कातळ

भूविज्ञान शिकवतो, म्हणून एक भर घालतो. ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो.

पुणं ज्या काळ्या दगडावर बसलंय, तुमच्या पहिल्या दोन पायऱ्या ज्या दगडाच्या आहेत, तो बेसॉल्ट. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झालेला. या सगळ्या प्रदेशाला भूविज्ञानात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. विद्यार्थ्यांना वाटतं ट्रॅप म्हणजे सापळा. तसं नाही. हा शब्द स्वीडिश ट्रॅपा वरून आला आणि त्याचा अर्थ जिना, पायऱ्या. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, मग पुन्हा कडा, पुन्हा उतार. डोंगराला आपोआप पायऱ्या पडतात. असे डोंगर बघून युरोपातल्या अभ्यासकांनी त्या खडकाला जिन्याचं नाव दिलं.

संध्याकाळी वेताळ टेकडीवर उभं राहून सिंहगडाकडे बघा. ऊन तिरपं झालं की उतारावरचे थर एकेक करून वेगळे दिसतात, सावलीच्या आडव्या रेघा उठतात. भटका_मावळा म्हणतात तो घाट आणि आमचा ट्रॅप, दोन जगांतल्या माणसांनी एकाच डोंगराला एकच नाव दिलं, पायऱ्यांचं.

भटका_मावळा

@कातळ, इतकी वर्षं 'डेक्कन ट्रॅप' म्हणतोय, हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

चंद्रभागा

पायरी म्हटलं की आम्हा वारकऱ्यांना आधी एकच पायरी आठवते. पंढरपुरात महाद्वारातली नामदेव पायरी. नामदेव महाराजांनी अभंगात स्वतःला पायरीचा चिरा म्हणवून घेतलं, संतांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून. 1350 साली त्यांनी तिथेच समाधी घेतली अशी आमची श्रद्धा. आजही वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही, हात लावून तो कपाळाला लावतो आणि ओलांडून आत जातो.

म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वीही पायरी आणि चिरा हे शब्द जोडीने होते. आजही गवंडी पायरीच्या घडीव दगडाला चिराच म्हणतो.

गोमंतकी ताईंनी सोपानाचं लिहिलं. आपल्या सासवडला सोपानकाकांची समाधी आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, या चार भावंडांच्या नावांचा अर्थ कीर्तनकार क्रमाने लावतात : निवृत्ती आली की ज्ञान, ज्ञान हाच सोपान, आणि सोपान चढला की मुक्ती. लहानपणी दिवे घाट चढताना आजीने मला हे सांगितलं होतं. पाय दुखत होते, तिनं चार नावं चार पावलांना जोडून म्हणायला लावली आणि घाट संपला.

येरवडेकर

सगळे प्रतिसाद वाचले. सुंदर माहिती आहे. पण पायरीबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती मी लिहितो.

'पायरीनं राहावं', 'आपली पायरी ओळखून वागावं', 'पायरी सोडून बोलू नये'. हे वाक्प्रचार आमच्या घरात नुसते वाक्प्रचार नव्हते. माझे आजोबा शहरातल्या एका वाड्यात लाकडं फोडायला जायचे. मजुरी पायरीवर ठेवली जायची, पाणी पायरीखाली वरून ओतलं जायचं. त्यांनी त्या घराची पायरी आयुष्यभर रोज पाहिली आणि एकदाही चढली नाही. वाड्यातली ताई, तुमच्या आई म्हणतात पायरी दारात असते. खरं आहे. दारात असते म्हणूनच माणसाला कुठे थांबवायचं ते तिच्यावरून ठरत होतं.

चंद्रभागा, तुमच्या नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ती समोर का आहे, आत का नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मंदिराचं दार आमच्यासाठी उघडलं 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आणि आपल्या पुण्यातच पर्वतीच्या पायऱ्या आहेत. लोक सकाळी व्यायामाला 103 पायऱ्या मोजत चढतात. 1929 साली त्याच पायऱ्यांवर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज त्यात होते. दगड झाले, अंगावर हल्ले झाले. पायरी या शब्दाचा अर्थ लिहिताना हेही लिहिलं पाहिजे असं मला वाटतं.

वाड्यातली

येरवडेकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आपल्याही वाड्याच्या पायरीवर असं होत होतं. मी लहान असताना पाहिलंय." एवढंच बोलली आणि उठून गेली. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

आणि त्यावरून एक लक्षात आलं. जिन्याचा एकही वाक्प्रचार मला आठवत नाही. कोर्टाची पायरी, पायरी ओळखणं, पायरी सोडणं, यशाची पहिली पायरी, पायरीचा दगड, सगळं पायरीचं. जिना घरातला, तो फक्त घरचे चढायचे. पायरी रस्त्यावरून दिसायची. कोण कुठवर आला, कोण खाली थांबला, कुणासाठी मालक खाली उतरून आले, हे सगळ्या आळीला दिसायचं. जे सगळ्यांना दिसतं त्याचेच वाक्प्रचार होत असावेत.

येरवडेकर

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी ते बोलून दाखवणं यालाही फार मोल आहे.

परभाषी_मास्तर

मी एका महाविद्यालयात शिकवायचो. पुण्यात इराण आणि अफगाणिस्तानातून बरीच मुलं शिकायला येतात. एकदा लिफ्ट बंद होती, शिपायाने ओरडून सांगितलं, "जिन्याने जा!" माझ्याबरोबर काबूलचा एक विद्यार्थी होता. तो एकदम थांबला आणि विचारायला लागला, हे काय म्हणाले? त्यांच्या दरीत, म्हणजे तिकडच्या फारसीत, जिन्याला ज़ीनाच म्हणतात. पुण्यात येऊन सहा महिने झाले होते, मराठीचा एक शब्द कळत नव्हता, आणि तो पहिला कळलेला शब्द जिना. पुढे तो रोज शिपायाला "जिना!" म्हणून हात करायचा आणि शिपाईही तसाच उत्तर द्यायचा. दोघांत बोलायला तेवढा एकच शब्द होता.

वर्गातल्या इराणी मुलीला विचारलं तर ती म्हणाली, आम्ही पिल्ले म्हणतो. म्हणजे तेहरानच्या रोजच्या बोलण्यात मागे पडलेला शब्द काबूलमध्ये आणि नारायण पेठेत टिकला.

शब्दवेडा

@परभाषी_मास्तर, फार सुंदर. यातच आणखी एक नातं आहे. फारसीतही पाय म्हणजे पायच. पायजमा म्हणजे पायाचा जामा, पायतख्त म्हणजे तख्ताच्या पायाशी असलेलं शहर, राजधानी. आपला पाय आणि फारसीतला पाय हे एकाच जुन्या शब्दाची दोन लेकरं, उसना कुणी कुणाकडून घेतला नाही. म्हणून पायरीतला पाय मराठी, पायजम्यातला पाय फारसी, पण दोघे चुलतभाऊ. फारसीत पाया म्हणजे आधार आणि दर्जाही, उर्दूत बरोबरीच्या माणसाला हमपाया म्हणतात. येरवडेकरांनी लिहिलेला पायरीचा अर्थ तिकडेही पायाभोवतीच फिरतो.

धाग्याच्या निमित्ताने एक तक्रार नोंदवतो. बातम्यांमध्ये रोज 'सरकारने योग्य ती पावले उचलावीत' असं येतं. हा इंग्रजीचा शब्दशः अनुवाद आहे. मराठी माणूस उपाय करतो, तजवीज करतो, बंदोबस्त करतो. पाऊल टाकतो, पाऊल वाजवतो, पाऊल मागे घेतो. पावलं उचलून पुढे काय करायचं ते त्या वाक्यात कळत नाही. जितके दिवस जमेल तितके दिवस मी 'उपाय करावेत' असंच लिहिणार.

सोलापूरची

सापशिडी राहिली! लेकीला तीही सांगा. जुन्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असायचे. तिथे जिना चालला नसता, कारण शिडी मधल्या घरांना सोडून थेट वर नेते. जिन्यात एकही पायरी चुकवता येत नाही.

सिव्हिलवाला

ताई, मोजमाप झालं का?

वाड्यातली

झालं. काल लेक आणि मी टेप घेऊन बसलो. सागवानी पायऱ्यांची उंची सव्वानऊ इंच, पाय ठेवायची रुंदी पावणेआठ. दगडी पायऱ्या थोड्या ठेंगण्या, आठ-आठ इंच. फळ्या सव्वा इंच जाडीच्या. मधोमध झीज कुठे पाव इंच, कुठे त्याहून जास्त. सर्वात जास्त झीज सर्वात वरच्या पायरीवर आहे, जिथे माणूस झडपेतून डोकं काढताना क्षणभर थांबतो.

सिव्हिलवाला

सव्वानऊ इंच म्हणजे 235 मिलिमीटर. आजच्या मर्यादेपेक्षा 45 ने जास्त. पण उंचीची दुप्पट अधिक रुंदी केली तर 667 येतात, म्हणजे पार बेहिशेबी नाही. कमी जागेत जेवढं बसवता येईल तेवढं त्या सुताराने विचार करून बसवलंय. फळ्या काढताना वरून खाली काढा. खालची आधी काढली तर वरच्यांचा आधार जातो आणि बाजूच्या फळ्या फाकतात.

वाड्यातली

आज जिना उतरवला. तुम्ही सांगितलंत तसं वरून खाली. दोर मी स्वतः सोडला.

तिसऱ्या पायरीखाली बोटभर लांबीच्या दोन पाचरी निघाल्या, एक बाभळीची, एक कसल्यातरी हलक्या लाकडाची. हलकी वाळून सैल झाली होती, म्हणून पायरी हलत होती. बाभळीची आजोबांनी बसवलेली, आईला आठवतं. दुसरी कुणाची ते तिलाही माहीत नाही.

फळ्या कोथरूडला नेऊन त्यांची पुस्तकांची मांडणी करणार आहोत. दगडी पायऱ्यांचे दोन चिरेही मागून घेतलेत, नव्या इमारतीच्या दारात बसवायला. येरवडेकर दादा, ते बसवू तेव्हा तुम्ही आणि घरचे सगळे यावेत अशी आईची इच्छा आहे. तिनं मला आवर्जून इथे लिहायला सांगितलं.

फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून सुताराने खडूने आकडे घातले. त्याने वरून सुरुवात केली होती, त्यामुळे तिसरी पायरी अकरावी झाली. टेम्पो भरायच्या आधी आईने ओल्या फडक्याने अकरा पुसला आणि तिथे तीन लिहिलं.